सात वर्षांची वाट : लेबनॉनच्या शातो मुसारची वाटचाल

१९३० साली गास्तों होशार नावाच्या वीस वर्षांच्या तरुणाने बैरूतच्या उत्तरेला, गझीर गावातल्या अठराव्या शतकातील एका जुन्या गढीत वाइन करायला सुरुवात केली. गढीचे नाव मझार. डोंगरउतारावरच्या त्या वास्तूसमोर भूमध्य समुद्र पसरलेला आहे. गढीच्या नावावरून संस्थेचे नाव पडले शातो मुसार. बोर्दोच्या बागा आणि तळघरे पाहून आलेल्या गास्तोंच्या मनाने घेतले होते, की हे काम आपल्या मुलखातही होईल. लेबनॉनवर तेव्हा फ्रान्सचा अंमल होता. फ्रेंच अधिकारी आणि सैनिक हे हाताशी असलेले गिऱ्हाईक होते, त्यामुळे सुरुवातीला माल खपवण्याची विवंचना फारशी पडली नाही. खरी परीक्षा पुढे, पुढच्या पिढीच्या वाट्याला यायची होती.

द्राक्ष बागायतदारांच्या स्मरणिकेत एका परदेशी घराण्याचा इतिहास कशाला, असे कुणी विचारील. मुसारचा नव्वदहून अधिक वर्षांचा प्रवास वाचताना जे प्रश्न समोर येतात, ते आपल्या बांधावरचेच आहेत. जमिनीवर किती विश्वास टाकायचा? मालाचा पैसा किती दिवस अडकवून ठेवायचा? आणि संकटात बाग सांभाळायची की हात वर करायचे? होशार कुटुंबाने या प्रश्नांना दिलेली उत्तरे सोपी नाहीत, सर्वांना परवडणारीही नाहीत. म्हणूनच ती तपशिलाने सांगावीशी वाटतात.

लेबनॉनला वाइन नवी नव्हती. त्या किनाऱ्यावरचे फिनिशियन दर्यावर्दी हजारो वर्षांपूर्वी वाइनचे रांजण जहाजांत भरून भूमध्य समुद्रभर व्यापार करत. बेका खोऱ्यात बालबेक येथे रोमनांनी दुसऱ्या शतकात बांधलेले, मद्यदेव बाकस याचे म्हणून ओळखले जाणारे मंदिर आजही उभे आहे. जगातल्या उत्तम टिकलेल्या रोमन मंदिरांत त्याची गणना होते. पुढे उस्मानी तुर्कांच्या राजवटीत वाइन बहुतांशी ख्रिस्ती मठांच्या आणि धर्मविधींच्या आसऱ्याने तगून राहिली. सामान्य लोक द्राक्षापासून अरक गाळत. अरक म्हणजे बडीशेपेसारख्या वासाचे बी घालून गाळलेले, पाणी ओतताच दुधाळ होणारे पेय. लेबनॉनी जेवणाबरोबर अजूनही त्याचा मान आहे, आणि मुसारही अरक करते. आधुनिक वाइनचा पाया घातला तो जेझुइट पाद्र्यांनी, १८५७ साली बेकातल्या क्सारा येथे. त्यांनी अल्जीरियातून सँसो आणि कारिन्याँ या दक्षिण फ्रान्सच्या जातींच्या वेली आणून लावल्या. गास्तोंने काम सुरू केले तेव्हा या वेली बेकाच्या मातीत रुळून दोन-तीन पिढ्या झाल्या होत्या.

मुसारच्या वाइनमध्ये जे काही विशेष आहे ते बेका खोऱ्यातून आलेले आहे, म्हणून त्या खोऱ्याविषयी थोडे. पश्चिमेला लेबनॉन पर्वत, पूर्वेला अँटी-लेबनॉनची रांग आणि मध्ये सुमारे १२० किलोमीटर लांबीची ही सपाट पट्टी. समुद्रसपाटीपासूनची उंची साधारण १,००० मीटर. समुद्रावरून येणारे दमट वारे पश्चिमेच्या पर्वतावरच अडतात, त्यामुळे खोऱ्याची हवा कोरडी राहते. पाऊस आणि बर्फ पडते ते हिवाळ्यात. उन्हाळाभर आकाश निरभ्र. दिवसा ऊन कडक, पण उंचीमुळे रात्री गारवा. दिवसाच्या उन्हाने फळात साखर भरते आणि रात्रीच्या गारव्याने आंबटपणा टिकतो. डावणीसारख्या रोगांना लागणारी दमट हवा उन्हाळ्यात तिथे नसतेच, त्यामुळे औषधफवारणी अगदी कमी लागते. मुसारच्या लाल द्राक्षांच्या बागा खोऱ्याच्या दक्षिण-पश्चिम भागात, आना, अम्मीक आणि कफ्राया या गावांच्या परिसरात आहेत. वर खडेगोटे, खाली चुनखडी. वेली पाण्यावाचून वाढवलेल्या, मुळे खोल गेलेली, उत्पादन कमी.

आपल्याकडच्या बागायतदाराला यातली एक गोष्ट विशेष जाणवेल. बेकात वेल हिवाळाभर झोपते. पाने गळतात, बाग बर्फाखाली जाते, वसंतात ती स्वतःच्या वेळेने फुटते आणि ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत तोडणी चालते. नाशिक-सांगलीकडे वेल कधी झोपतच नाही. एप्रिलमधली खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधली गोडी छाटणी करून आपण तिला वर्षात दोनदा जागे करतो, आणि वाइनची द्राक्षे जानेवारी ते मार्चच्या सुमारास तोडतो. तिथे हंगाम ठरवतो निसर्ग. इथे तो कात्रीने ठरवावा लागतो. म्हणून बेकातली पद्धत जशीच्या तशी उचलून इथे लावता येणार नाही, हे आधीच स्पष्ट केलेले बरे.

एक अडचण मात्र होशार कुटुंबाने पहिल्यापासून पत्करली होती. बागा खोऱ्यात आणि तळघर समुद्राकडच्या उतारावर, मध्ये आख्खा लेबनॉन पर्वत. तोडलेली द्राक्षे ट्रकमध्ये भरून सुमारे १,५०० मीटर उंचीच्या दहर अल-बैदर खिंडीतून पलीकडे न्यायची आणि मग किनाऱ्याने उत्तरेला गझीर गाठायचे. शांततेच्या काळात हा काही तासांचा प्रवास होता. युद्ध सुरू झाल्यावर याच रस्त्यावर घराण्याची कसोटी लागली.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लेबनॉनमध्ये नेमणुकीवर आलेल्या रोनाल्ड बार्टन यांच्याशी गास्तोंची मैत्री जुळली. बार्टन हे बोर्दोतल्या लेओव्हिल बार्टन आणि लांगोआ बार्टन या नामांकित बागांचे धनी. ही मैत्री इतकी घट्ट झाली, की गास्तोंने धाकट्या मुलाचे नाव रोनाल्ड ठेवले. या मैत्रीतून मुसारला बोर्दोची शिस्त मिळाली. थोरला मुलगा सर्ज याने आधी स्थापत्य अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले, नंतर तो बोर्दो विद्यापीठात वाइनशास्त्र शिकला. तिथे त्याचे गुरू होते जाँ रिबेरो-गेयों आणि एमिल पेनो. विसाव्या शतकात वाइन करण्याला शास्त्राची बैठक देणाऱ्यांत ही दोन नावे अग्रभागी येतात. १९५९ साली, वयाच्या विशीतच, सर्जने वाइन करण्याचे काम हाती घेतले, आणि तेही वडिलांपुढे अट ठेवून : काम माझ्या पद्धतीने होईल, त्यात तुमचा हात असणार नाही. वडिलांनी ती मानली. हा प्रसंग कुटुंबातले लोक मोकळेपणाने सांगत आले आहेत. मला यात सर्जच्या हट्टापेक्षा गास्तोंचा मोठेपणा अधिक दिसतो. तीस वर्षे उभे केलेले काम विशीतल्या मुलाच्या स्वाधीन करून बाजूला होणे कोणत्याही घरात सोपे नसते. १९६२ पासून रोनाल्डही कामात आला आणि विक्री व हिशेब त्याने सांभाळले. गास्तों १९७२ साली वारला.

सर्ज होशार यांच्या कामाची दिशा मात्र त्यांच्या शिक्षणावरून अपेक्षा करावी तशी राहिली नाही. बोर्दोत त्यांनी वाइन कशी नियंत्रणात ठेवायची हे शिकून घेतले, आणि घरी येऊन त्यातले जेवढे टाळता येईल तेवढे टाळले. किण्वनासाठी विकतचे यीस्ट घालायचे नाही. द्राक्षाच्या सालीवर आणि तळघराच्या हवेत जे यीस्ट आहे तेच काम करील. वाइन नितळ दिसावी म्हणून तिच्यात काही घालून गाळ खाली बसवायचा नाही, गाळणीतूनही काढायची नाही. सल्फरचा वापर अगदी कमी. बाग जे देईल ते त्या वर्षीच्या बाटलीत आले पाहिजे, चांगले असो की अवघड. असे करणे अज्ञानातूनही होऊ शकते आणि ज्ञानातूनही. सर्ज यांच्या बाबतीत ते ज्ञानातून आले होते. कुठल्या टप्प्यावर हस्तक्षेप केला तर काय होते हे त्यांना नेमके माहीत होते, म्हणूनच तो न करण्याची जोखीम त्यांना घेता आली.

लाल वाइनची पद्धत अशी ठरली. कॅबर्ने सोव्हिन्याँ, सँसो आणि कारिन्याँ ही तीन द्राक्षे हाताने तोडली जातात. तोडणीचे काम वर्षानुवर्षे खोऱ्यातले बेदुइन करत आले आहेत. तिन्हींचे किण्वन वेगवेगळ्या सिमेंटच्या टाक्यांत होते. काही महिन्यांनी वाइन फ्रान्सच्या नेव्हेर भागातल्या ओक लाकडाच्या पिपांत जाते आणि तिथे वर्षभर राहते. तिसऱ्या वर्षी तिन्हींचे मिश्रण ठरते, मग बाटल्या भरल्या जातात, आणि त्या बाटल्या आणखी तीन-चार वर्षे गझीरच्या तळघरात आडव्या पडून राहतात. तोडणीपासून सातव्या वर्षी ती वाइन बाजारात येते. तिन्हींचा वाटा साधारण सारखा, पण नेमके प्रमाण दर वर्षी वेगळे. कॅबर्नेने कणा द्यायचा, कारिन्याँने भरीवपणा, सँसोने सुगंध आणि मार्दव. एखाद्या वर्षी कॅबर्ने पुढे असते आणि वाइन बोर्दोची आठवण करून देते. दुसऱ्या वर्षी सँसो वरचढ होते आणि तीच वाइन अधिक नाजूक, अधिक सुवासिक लागते. मुसारच्या दोन सालांच्या बाटल्या शेजारी ठेवल्या तर त्या सख्ख्या बहिणी आहेत हे कळते, पण एकीला दुसरी समजण्याची चूक होत नाही. हे प्रमाण आणि ही रीत बसायला सर्ज यांना अनेक वर्षांचे प्रयोग करावे लागले.

सात वर्षांचा हा नियम बारकाईने पाहण्यासारखा आहे, कारण मुसारचे सगळे तत्त्वज्ञान हिशेबाच्या वहीत उतरते ते इथे. आज तोडलेल्या द्राक्षाचा पहिला पैसा सातव्या वर्षी. तोवर मजुरी, पिपे, बाटल्या, जागा, बँकेचे व्याज हे सगळे घरातून. म्हणजे कोणत्याही दिवशी तळघरात सहा-सात हंगामांचा न विकलेला माल पडून आहे. दर तिमाहीला नफ्याचा आकडा मागणारा भागधारक हे सहन करणार नाही, आणि त्याला दोषही देता येणार नाही. एका हंगामावर पुढचा हंगाम उभा करणाऱ्या आपल्या लहान बागायतदारालाही ते झेपणारे नाही. पिढ्यांच्या हिशेबाने चालणाऱ्या घरालाच हे जमते, कारण बापाने मुरायला ठेवलेला माल मुलाने विकायचा, हे तिथे कुणाला वावगे वाटत नाही. जमिनीचा गुण बाटलीत उतरवण्याच्या गोष्टी हल्ली वाइन उद्योगात सर्रास बोलल्या जातात. त्यासाठी भांडवल किती वर्षे थांबवून ठेवावे लागते, हे मात्र क्वचितच बोलले जाते. माझ्या मते मुसारच्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा धडा या रकान्यात आहे.

लाल वाइनने मुसारला नाव दिले, पण सर्ज यांना स्वतःला अभिमान होता तो पांढऱ्या वाइनचा. ती ओबैदे आणि मेरवाह या दोन देशी जातींची असते. जगभर शार्दोने आणि सोव्हिन्याँ ब्लाँचा बोलबाला असताना लेबनॉनमध्येही बहुतेकांनी त्याच जाती लावल्या. ओबैदे आणि मेरवाह अरक गाळायची साधी द्राक्षे म्हणून बाजूला पडली. होशार कुटुंबाने ती सोडली नाहीत. ओबैदेच्या बागा अँटी-लेबनॉनच्या पायथ्याशी, मेरवाहच्या लेबनॉन पर्वताच्या समुद्राकडच्या उतारावर. उंची १,२०० मीटरच्या वर आणि जमीन चुनखडीची. वेली जुन्या आणि स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत.

हा शेवटचा तपशील आपल्या वाचकांना लगेच भिडेल. एकोणिसाव्या शतकात फायलॉक्सेरा किडीने युरोपातल्या बागा मुळापासून खाल्ल्या. त्यानंतर जगातली बहुतेक वाइनची द्राक्षे अमेरिकन खुंटावर कलम करूनच लावली जातात. आपल्याकडे कारण वेगळे होते; क्षारयुक्त जमीन आणि पाण्याची टंचाई यांमुळे डॉगरिजसारखे खुंट घराघरांत पोचले. खुंटाशिवायची, शतकानुशतके त्याच डोंगरावर त्याच मातीत वाढलेली देशी वेल ही त्यामुळे आता दुर्मीळ चीज झाली आहे. सर्ज यांची अशी श्रद्धा होती, की ओबैदे ही शार्दोनेची आणि मेरवाह ही सेमियोंची पूर्वज आहे आणि धर्मयुद्धांहून परतणाऱ्या सरदारांनी या वेली युरोपात नेल्या. जनुकीय तपासण्यांनी या समजुतीला दुजोरा दिलेला नाही. पण या द्राक्षांची थोरवी सिद्ध व्हायला शार्दोनेशी नाते सांगायची गरजच नाही, असे मला वाटते. ती त्यांच्या डोंगराची आहेत, एवढे पुरे आहे.

ही पांढरी वाइन पिपात सुमारे नऊ महिने राहते आणि बाटलीत आणखी काही वर्षे मुरते. तरुणपणी ती काहीशी बंद आणि कडक लागते. दहा-पंधरा वर्षांनी तिचा रंग सोनेरी होतो आणि मध, सुका मेवा, मेणासारखा वास असे काय काय तिच्यात उलगडत जाते. ती बर्फात बुडवून गारेगार प्यायची नाही, तळघराच्या गारव्याइतकी, १५ अंश सेल्सियसच्या आसपास प्यायची, असा घराण्याचा आग्रह आहे. सर्ज तर पाहुण्यांना लाल वाइनच्या नंतर ही पांढरी देत. सगळीकडचा क्रम याच्या उलट असतो. पण लाल वाइननंतरही जिची चव फिकी पडत नाही अशी पांढरी वाइन आपल्या डोंगरात होते, हे त्यांना दाखवायचे असे.

१९७५ साली लेबनॉनमध्ये यादवी युद्ध पेटले आणि ते १९९० पर्यंत चालले. मुसारच्या दृष्टीने भूगोलच शत्रू झाला. गझीर ख्रिस्ती गटांच्या ताब्यातल्या मुलखात आले, तर बेका खोऱ्यात १९७६ पासून सीरियाचे सैन्य बसले. मध्ये तोफा, नाकेबंद्या आणि दर काही महिन्यांनी सरकणाऱ्या आघाड्या. १९८२ साली इस्रायलचे सैन्य लेबनॉनमध्ये शिरले आणि बेकाच्या दक्षिण भागात दोन परकी सैन्ये समोरासमोर ठाकली. बागा त्याच टापूत होत्या. शांततेत काही तासांचा असलेला खिंडीचा प्रवास आता वळसे घेत, नाक्या-नाक्यावर थांबत, कधी दिवसचे दिवस चाले. पिकलेले द्राक्ष थांबत नसते. ट्रक नाक्यावर अडकला की ताडपत्रीखाली फळ फुटू लागते, रस सुटतो, आणि उष्णतेने किण्वन तिथेच सुरू होते. ट्रकचालकांनी आणि तोडणी करणाऱ्या मजुरांनी त्या वर्षांत जे केले, त्याची नोंद नावानिशी कुठे झालेली नाही. पण त्यांच्यावाचून मुसार नावाची संस्था आज अस्तित्वात नसती.

या पंधरा वर्षांत घराण्याचे हंगाम बुडाले ते फक्त दोन. १९७६ साली लढाईमुळे वाइन झालीच नाही. १९८४ साली द्राक्षे गझीरला पोचली ती फार उशिरा, वाटेतच आंबायला लागलेली. त्यांची वाइन केली, पण ती संस्थेच्या नावाने बाजारात आणली नाही. बाकी सगळे हंगाम पार पडले. वाइनरीच्या परिसरावर तोफगोळे पडले. खडकात खोदलेल्या तळघरांनी माणसांनाही आसरा दिला. सर्ज यांना देश सोडून जाता आले असते. वाइन करणाऱ्या माणसाला, तेही बोर्दोत शिकलेल्या, जगात कुठेही काम मिळाले असते. ते गेले नाहीत. बैरूतवर भडिमार चालू असताना घरातली मंडळी खाली आसऱ्याला गेली आणि सर्ज आपल्या खोलीतच एक अख्खी बाटली मोठ्या पेल्यात ओतून, ती वाइन तासागणिक कशी बदलते ते पाहत बसले, ही गोष्ट ते पुढे स्वतः सांगत. काहींना यात बेफिकिरी दिसते. मला दिसते ती कामावरची निष्ठा. मरण दाराशी आले असतानाही त्यांचे लक्ष वाइनच्या बदलत्या चवीवर होते.

युद्धाने घरची बाजारपेठ जवळजवळ संपवली. त्याआधी मुसारचा बहुतेक माल लेबनॉनमध्येच खपत असे. आता गिऱ्हाईक बाहेर शोधणे भाग होते. १९७९ साली इंग्लंडमध्ये ब्रिस्टल येथे भरलेल्या जागतिक वाइन मेळ्यात सर्ज आपल्या बाटल्या घेऊन गेले. तिथे ख्रिस्तीज या लिलावसंस्थेच्या वाइन विभागाचे प्रमुख मायकेल ब्रॉडबेंट यांनी मुसारची १९६७ सालची लाल वाइन चाखली आणि तिला मेळ्याचा शोध ठरवले. त्या एका शिफारशीने ब्रिटनचे दार उघडले, आणि पुढची अनेक वर्षे ब्रिटन हीच मुसारची मुख्य बाजारपेठ राहिली. १९८४ साली, ज्या वर्षीचा हंगाम हातचा गेला त्याच वर्षी, ‘डिकँटर’ या लंडनच्या मासिकाने वाइनक्षेत्रातील वर्षाचा मानकरी हा सन्मान सुरू केला आणि त्याचे पहिले मानकरी सर्ज होशार ठरले.

ब्रिस्टलमध्ये ज्या बाटलीने मुसारला तारले ती १९६७ची होती, हे ध्यानात घ्यायला हवे. युद्धाला तोंड फुटण्याच्या आठ वर्षे आधीची, बारा वर्षे मुरलेली. सात वर्षे थांबण्याची जी रीत शांततेच्या दिवसांत एखाद्या व्यापाऱ्याला उधळपट्टी वाटली असती, तिनेच युद्धात घर चालवले. माल दर वर्षी विकून मोकळे होणाऱ्या वाइनरीचा १९७६चा हंगाम बुडाला असता तर पुढच्या वर्षी तिच्या मांडणीवर काही उरले नसते. मुसारच्या तळघरात साठ आणि सत्तरच्या दशकांतली साले शिल्लक होती. चवीसाठी पाळलेल्या नियमाने विम्याचे काम केले.

आता या वाइनवरच्या आक्षेपाविषयी. मुसारच्या लाल वाइनला एक तीव्र, किंचित आम्लाचा वास असतो, ज्याला जाणकार उडनशील आम्लता म्हणतात. शिवाय एकाच सालाच्या, एकाच खोक्यातल्या दोन बाटल्याही वेगळ्या लागू शकतात. प्रयोगशाळेच्या कसोटीवर यातल्या काही गोष्टी दोषांत मोडतात, आणि पेनोंच्या शिष्याला हे ठाऊक नव्हते असे म्हणता येत नाही. सर्ज यांची भूमिका होती, की वाइन ही जिवंत वस्तू आहे आणि जिवंत वस्तूंत असा फरक असणारच. टीकाकारांचे म्हणणे, की गिऱ्हाइकाने पैसे मोजल्यावर त्याला खात्रीचा माल मिळायला हवा. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. तरी मला कौल द्यावासा वाटतो तो सर्ज यांच्या बाजूने. गाळून, निर्जंतुक करून, यीस्ट निवडून केलेली निर्दोष वाइन आज जगात कुठेही होते, आणि ती कुठल्या मुलखाची हे पिणाऱ्याला कळत नाही. मुसारचा घोट मात्र डोळे मिटूनही ओळखू येतो. सुका मेवा, कातडे, मसाला, उन्हात तापलेल्या मातीचा वास, आणि त्यात तो अवखळ आम्लाचा झोत.

युद्धानंतरचा काळ तुलनेने शांत गेला. १९९१ पासून तारेक सक्र हे वाइन करण्याच्या कामात आहेत. सर्ज यांच्या हाताखाली तयार झालेला हा माणूस आजही घराण्याची रीत सांभाळतो. १९९४ साली सर्ज यांचा थोरला मुलगा, आजोबांच्याच नावाचा गास्तों, कारभारात आला. धाकटा मार्क नंतर सामील झाला. आना गावच्या एकाच बागेतली ‘होशार पेर ए फिस’ ही तुलनेने लवकर प्यायची वाइन आणि त्याहून तरुण ‘मुसार जन’ अशी दोन भावंडे मोठ्या वाइनच्या जोडीला आली. रोजच्या खर्चाला हात देणारा हा माल असल्यामुळे मुख्य वाइनचा सात वर्षांचा नियम ढिला करण्याची वेळ आली नाही. २००६ साली मुसारच्या बागांना सेंद्रिय प्रमाणपत्र मिळाले. लेबनॉनमध्ये असे ते पहिले. त्याच वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये इस्रायल आणि हिजबुल्ला यांच्यात ३४ दिवसांचे युद्ध झाले. ऑगस्टच्या मध्यावर तोफा थांबल्या आणि तोडणी झाली.

नाशिकला २००१ सालच्या राज्याच्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर वाइनरींची जी लाट आली, ती या पार्श्वभूमीवर फार तरुण आहे. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन मिळाले, शेनँ ब्लाँ आणि शिराझ या जाती रुजल्या, पर्यटक येऊ लागले. पण आपल्याकडची बहुतेक वाइन एक-दोन वर्षांत विकली आणि प्यायली जाते. काळी माती, मुरमाड उतार आणि घाटमाथ्याजवळची गार हवा यांतल्या कुठल्या जागी कुठली वेल काय देते, हे कळायला तीच बाग, तीच जात आणि तोच हात वीस-तीस वर्षे एकत्र राहावा लागतो. असे काही कुटुंबांचे काम आपल्याकडे सुरू झाले आहे. त्यांना दर हंगामातल्या थोड्या बाटल्या न विकता बाजूला ठेवण्यासाठी स्वस्त दीर्घ मुदतीचे कर्ज मिळाले, तर पुढच्या पिढीला आपल्या डोंगरांची जुनी साले चाखता येतील. ही मागणी बागायतदारांच्या व्यासपीठावरून व्हायला हवी, असे मला मनापासून वाटते.

सर्ज होशार यांचे निधन ३१ डिसेंबर २०१४ रोजी मेक्सिकोतल्या आकापुल्को येथे समुद्रात पोहताना झाले. ते ७५ वर्षांचे होते. सात वर्षांच्या नियमामुळे त्यांच्या देखरेखीखाली झालेल्या हंगामांच्या बाटल्या त्यानंतरही वर्षानुवर्षे बाजारात येत राहिल्या, आणि प्रत्येक साल बाहेर काढण्याचा निर्णय मुलांनी घेतला. यादवी युद्ध संपले तेव्हा लेबनॉनमध्ये हातावर मोजण्याइतक्या वाइनरी होत्या. आता त्यांची संख्या पन्नासच्या घरात गेली आहे. त्यातल्या काहींनी शार्दोनेच्या जोडीला आपल्या डोंगरातल्या जुन्या वेली शोधायला घेतल्या. जेझुइटांनी १८५७ साली सुरू केलेल्या आणि आता खासगी मालकीच्या क्सारानेही २०१७च्या हंगामापासून निव्वळ मेरवाहची वाइन बाटलीत भरली, आणि ओबैदेच्या बाटल्याही आता एकापेक्षा अधिक घरांच्या नावाने मिळतात. मेरवाहच्या ज्या द्राक्षांना पूर्वी अरकवाल्याशिवाय गिऱ्हाईक नव्हते, ती घ्यायला डोंगरातल्या शेतकऱ्यांकडे आता वाइनरीचे लोक येतात.